मुळासकट सकाउ

पिकअपचा दरवाजा धाडकन आदळला आणि पेर्पेतुआला न बघताच कळलं, की तादासी आला. अख्ख्या गोतात असा दरवाजा आदळणारा दुसरा कोणी नव्हता. सभाघराच्या पायरीशी बसून ती केळीची पानं पुसत होती. हातातलं पान तसंच टाकून ती उठली. तिचा नवरा पिकअपच्या मागून सकाउचं झाड ओढून काढत होता, ज्याची मुळं कुटून सभाघरात पितात ते. फांदीबिंदी नव्हे, अख्खं झाड. मुळासकट, मुळांच्या मातीसकट, माणसाहून हातभर उंच.

"अगं बाई!" शेजारी बसलेली रोसेता वहिनी म्हणाली. "कोणाची माफी मागायची राहिलीय गं?"

कोणाची ते तिला चांगलं ठाऊक होतं. एनिपेइन गावात ते न ठाऊक असलेलं माणूस शोधून सापडलं नसतं.

बाबांना जाऊन आज चार वर्षं पूर्ण झाली होती. चार वर्षांपूर्वी, बाबांच्या अंत्यविधीला, याच सभाघरात चारशे माणसं बसलेली असताना एवाल्टदादाने बाबांच्या नावाची सकाउची करवंटी स्वतःच्या हाताने तादासीपुढे धरली होती. आणि तादासीने ती परत केली होती. "आमच्यात घेत नाहीत," एवढंच म्हणाला बिचारा. खोटंही नव्हतं ते. त्याच्या तोल बेटावर सकाउ कोणी पीत नाही, चर्चवाले तर नाहीच नाही. पण म्हणून थोरल्या मुलाच्या हातची, मेलेल्या बापाच्या नावाची करवंटी भरल्या लोकांत परत करायची? त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर चाललं असतं. त्या दिवसापासून दोघा मेव्हण्यांचं बोलणं बंद होतं. एक दारातून आत आला की दुसरा डुकरांना खायला घालायला निघून जायचा. डुकरं तेवढी गुटगुटीत झाली.

झाड आणायची कल्पना पेर्पेतुआचीच. महिनाभर ती नवऱ्याच्या मागे लागली होती. 'बाबांच्या वर्षश्राद्धाला ये, झाड मुळासकट आण, खाली मान घालून बस. दादाला नाही म्हणताच येणार नाही. आमच्यात सकाउ घेऊन आलेल्याला माफी द्यावीच लागते.' तादासीने बिचाऱ्याने ऐकलं. आणि नेमकं काल संध्याकाळी जाहीर झालं, की दादा बसतो त्या घटनेच्या सभेतलं शुक्रवारचं मतदान अलीकडे आणून आज दुपारी दोनला घेणार. पेर्पेतुआ सभेच्या ज्या कचेरीत काम करत होती तिथूनच तो कागद निघाला होता, तिनेच टाइप केलेला. त्या वेळी तिच्या मनात आलं ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, बरंच झालं की! दोन्ही कामं एकदम उरकतील.

आता ते झाड बघून तिने रस्त्याकडे नजर टाकली, कोणी पाहत तर नाही ना.

पेद्रस मामा सभाघराच्या ओट्यावर रेडिओच्या बॅटऱ्या दातांनी चावून बघत होते. आईचा धाकटा भाऊ, म्हणजे आईकडून चालणाऱ्या त्या घराण्यातला शब्द त्यांचाच. पण त्यांना स्वतःला त्या शब्दापेक्षा गंमत जास्त आवडायची. "या या जावईबापू!" ते ओरडले. "पेर्पे, हे मला परत एकदा सांग. किती राज्यांनी हो म्हणायचंय?"

"चारांपैकी तिघांनी, मामा. सकाळपासून पाच वेळा सांगितलं."

"आणि कोण कुठे आहे?"

"चुउक हो म्हणणार, कोसराय हो म्हणणार, याप नाही म्हणणार." ती बोलत होती, पण डोळे झाडावर. "राहिलं आपलं पोनपेइ. आपले सात प्रतिनिधी. तिघे इकडे, तिघे तिकडे."

"आणि सातवा आमचा भाचा!" मामांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे जावईबापूंच्या फाइचुकचं चुउकपासून वेगळं राज्य व्हायचं की नाही, ते आमच्या एवाल्टच्या जिभेवर! आणि समजा पडला ठराव, तर?"

"तर संपलं. दहा वर्षं पुन्हा घटनेची सभा नाही." मग सवयीने तिने नियमही सांगितला, कारण नियम सांगितल्याशिवाय तिला राहवत नसे. "दुसऱ्या दिवशी सभा उठेपर्यंत फेरविचार मागता येतो. पण तो जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानेच मागायचा. हरलेल्यांना तो हक्क नाही."

"म्हणजे ज्याने पाडलं त्यानेच उचलायचं? वा! कोण शहाणा असं करेल?"

सगळे हसले. त्या हसण्यातच मागच्या दाराने एवाल्टदादा आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पालिकिरला सभेला जायचा. भट्टीतल्या तापल्या दगडांवर डुक्कर घालून, हात धुऊन आला होता. त्याची नजर आधी झाडावर गेली, मग तादासीवर, मग बहिणीवर. पेर्पेतुआने मान खाली घातली.

तादासी झाड खांद्यावर घेऊन पायरीपर्यंत आला होता. घाम डोळ्यांत चालला होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता. धडधाकट माणूस, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"तिथेच थांब," दादा म्हणाला.

चार वर्षांत त्याने तादासीला उद्देशून उच्चारलेले हे पहिले दोन शब्द.

"दादा, आज बाबांचं..." पेर्पेतुआने सुरुवात केली.

"मला माहीत आहे आज काय आहे!" दादाचा आवाज असा चढला की स्वयंपाकाकडच्या बायका बाहेर आल्या. "चार वर्षं! चार वर्षांत याला झाड सापडलं नाही. आणि आज, मतदानाच्या दिवशी, गाडीच्या मागे बांधून सगळ्या गावातून मिरवत आणलं? रस्त्यात किती जणांनी पाहिलं?"

तादासी प्रामाणिक माणूस. त्याने विचार करून सांगितलं, "बरेच जण होते. चर्चमधली रोजची सकाळची प्रार्थना सुटली होती."

मामांना हसू आवरेना, त्यांनी तोंड रेडिओमागे लपवलं.

"झालं तर मग!" दादा म्हणाला. "म्हणजे आत्तापर्यंत कोलोनिया शहरात पोचलंही असेल. एवाल्टचं मत एका सकाउच्या झाडाला विकलं गेलं! पेर्पे, ही अक्कल तुझीच ना?"

"माझीच. पण मी मतासाठी..." ती अडखळली. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. "थोडं मतासाठीही. मुख्य बाबांसाठी."

"देवा!" दादाने कपाळाला हात लावला. मग तो खाली वाकला, तिच्या अगदी जवळ, आणि हळू बोलला, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. "वेडे, मी हो म्हणणार होतो. काल रात्री ठरवलं होतं मी. आता कोणत्या तोंडाने हो म्हणू? हो म्हटलं तर लोक म्हणतील विकला गेला."

पेर्पेतुआने तोंड ओंजळीत झाकलं. तिला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं.

सभाघरात कालवा उठला. प्रत्येकाला एकदम बोलायचं होतं. रोसेता वहिनी म्हणाली, बरंच झालं, त्या चुउकवाल्यांना एकाची दोन राज्यं कशाला, आधीच निम्मा देश त्यांचा, उद्या आपल्या डोक्यावर बसतील. मामा म्हणाले, गप गं, तुझा नवरा काल रात्री हो म्हणत होता तेव्हा तू काय करत होतीस, घोरत होतीस? वहिनी म्हणाली, मी घोरत नाही. हे बराच वेळ चाललं असतं, पण तेवढ्यात आई उठली.

मार्सेलिना आई उठून उभी राहिली की बोलणं थांबायचंच. गुडघे दुखायचे तिचे, त्यामुळे ती उगीच उठत नसे.

"एवाल्ट," ती म्हणाली, "वीस वर्षं तू कोलोनियाच्या नावाने बोटं मोडतोयस. रस्ता आधी त्यांचा, शाळा आधी त्यांची, दवाखाना त्यांच्या दारात. आपल्या कित्ती तालुक्याला काय, तर उरलंसुरलं. हेच भाषण करून निवडून आलास ना?"

"हो, आई."

"आणि हा काय म्हणतो?" तिने तादासीकडे बोट केलं. "याची बहीण बाळंतपणाला तोलहून वेनोच्या दवाखान्यात निघाली होती. होडीतच जीव गेला तिचा. वारा उलटा होता. हा म्हणतो, आमचा दवाखाना आमच्या बेटावर पाहिजे, आमचं आम्हाला ठरवू दे. तुझंच भाषण आहे हे, फक्त पाण्यापलीकडचं."

"पटलंय मला ते, आई! म्हणून तर हो म्हणणार होतो! पण आता..."

"आता तू जा आणि तुला जे म्हणायचं ते म्हण. झाड आत येणार नाही." आई पायरीपर्यंत आली. "तादासी, बाळा, त्या नीरफणसाखाली बस झाड घेऊन. मत होईपर्यंत सभाघरात पाय टाकायचा नाही. मत झालं की बघू."

"आणि मी नाही म्हटलं तर?" दादाने विचारलं. "मग हा झाड पिकअपमध्ये टाकेल आणि जाईल घरी. बघच तू."

तादासीने झाड सावरलं. तो झाड घेऊन नीरफणसाखाली गेला, ते बुंध्याला टेकवलं, आणि मुळांशेजारी मांडी घालून बसला. दादाने गाडी सुरू केली. जाताना चाकं त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली, चिखल उडाला त्याच्या पायांवर. तरी तो तसाच बसून होता.

दीड वाजल्यापासून सगळे रेडिओला चिकटले. डुक्कर भट्टीत शिजत होतं, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कोनफळांचे ढीग बाहेर तसेच. शेजारची माणसं न बोलावता येऊन बसली. एरवी अशा जेवणाला कोणी एवढं लवकर येत नाही. पाऊस आला, गेला, परत आला. पेर्पेतुआ मध्ये एकदा छत्री घेऊन नवऱ्याकडे गेली. त्याने छत्री घेतली आणि झाडाच्या मुळांवर धरली.

"अरे, स्वतःवर धर की!"

"माती धुऊन गेली तर मुळं वाळतात म्हणे. तुझ्या मामांनी सांगितलं."

"तादासी, माझं चुकलं रे." तिचे डोळे भरून आले. "उद्या आणायला सांगितलं असतं तर आज ठराव पास झाला असता."

"अजून कुठे काय झालंय," तो म्हणाला. पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. नऊ वर्षं तो या एका गोष्टीसाठी बेटाबेटांवर फिरला होता, होडी मिळाली तर होडीने, नाही तर ओहोटीच्या पाण्यातून पायी. पेर्पेतुआने त्याचे ओले कपडे वाळवले होते, त्याची पत्रकं टाइप केली होती, पोरीच्या दोन वाढदिवसांना तो नव्हता म्हणून भांडलीही होती. तिचाही जीव त्यात तेवढाच अडकला होता.

"सुरू झालं, सुरू झालं!" मामा ओरडले. ती धावत आली.

रेडिओची खरखर. मग पालिकिरच्या सभेच्या चिटणिसांचा आवाज, एकेक राज्य पुकारणारा. चुउक. त्यांच्या प्रतिनिधींची नावं एकेक करून गेली, आणि चुउकचं मत, हो. टाळ्या. कोसराय. तिथे कोणी वाद घालतच नाही, सगळे एका सुरात, हो. सभाघरात कोणी तरी शीळ घातली. आईने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

"पोनपेइ," रेडिओ म्हणाला.

पहिलं नाव, हो. पेर्पेतुआने वहिनीचा हात धरला. दुसरं, नाही. तिसरं, नाही. चौथं, हो. मामा बोटांवर मोजत होते आणि दरवेळी एक बोट चुकत होतं. पाचवं, हो. सहावं, नाही.

तीन-तीन. अगदी जसं सगळ्यांना माहीत होतं तसं.

रेडिओने दादाचं नाव घेतलं आणि मग नुसती खरखर आली. पुन्हा नाव घेतलं. पेर्पेतुआने मान वळवून बाहेर पाहिलं. नीरफणसाखाली तादासी उभा राहिला होता.

"नाही," एवाल्टदादाचा आवाज आला.

पोनपेइचं मत, नाही. मग याप, नाही. ठराव पडला.

मामांनी रेडिओ बंद केला. रोसेता वहिनी, जिला हेच हवं होतं, तीच रडायला लागली. "असं नको होतं व्हायला गं," ती म्हणाली. पेर्पेतुआने तिचा हात झटकून टाकला आणि पावसात बाहेर गेली.

"चल घरी," ती नवऱ्याला म्हणाली. "टाक ते झाड. पाय ठेवायचा नाही या घरात परत. लोक काय म्हणतील म्हणून नाही म्हणाला! स्वतःला पटलेलं असून! ऊठ!"

तादासी उठला नाही. उलट परत खाली बसला.

"ऐकतोस ना? ऊठ म्हणते ना मी!"

"मी करवंटी परत केली होती," तादासी म्हणाला. "तुझ्या बाबांची. ती मला माफ व्हायचीय. आत्ता गेलो तर तुझा भाऊ म्हणाला ते खरं ठरेल."

"आणि फाइचुक? तुझी बहीण?"

हे विचारल्यावर त्याने तोंड फिरवलं. खांदे हलत होते त्याचे. पेर्पेतुआने त्याला असं रडताना एकदाच पाहिलं होतं, वेनोच्या धक्क्यावर. ती चिखलात त्याच्या शेजारी बसली, नवा भरतकामाचा परकर घालून, आणि छत्री तिने धरली.

चार वाजायच्या सुमाराला दादाची गाडी आली. वळणावरच तिचा वेग मंदावला. नंतर ती अगदी हळूहळू नीरफणसापर्यंत आली आणि थांबली. दादा खाली उतरला. शर्ट चुरगळलेला, तोंड उतरलेलं. तो झाडाकडे बघत राहिला, मुळांवरच्या छत्रीकडे बघत राहिला.

"तू अजून आहेस?" तो तादासीला म्हणाला.

"आई म्हणाल्या होत्या, मत झालं की बघू."

"मी नाही म्हटलं. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"तुझ्या तोंडचं काढून घेतलं मी."

"हो," तादासी म्हणाला. "त्याचा राग आहे मला. राहील. हे वेगळं आहे." मग त्याने झाड खांद्यावर घेतलं आणि सभाघराकडे चालू लागला. दादाने वाट सोडली.

दगड मांडलेलेच होते. मामांनी स्वतः मुळं धुतली, चार जण कुटायला बसले, आणि दगडांचा तो ठण-ठण आवाज सुरू झाल्यावर सगळ्यांना जरा श्वास घेता आला. कुटलेली मुळं जास्वंदीच्या कुळातल्या दुसऱ्या एका झाडाच्या सालीत गुंडाळून, पिळून, पहिली करवंटी भरली. ती आईला गेली. दुसरी मामांना. तिसरी दादाने हातात घेतली, आणि चार वर्षांपूर्वी जिथे उभा होता तिथेच जाऊन उभा राहिला. तादासीने दोन्ही हातांनी ती घेतली. डोळे मिटले आणि घोट घोट करत सगळी संपवली. त्याचं तोंड असं वाकडं झालं की मामा ओट्यावरून पडायचेच बाकी राहिले.

"कसं काय, जावईबापू?"

"चिखलासारखं लागतं," तादासी म्हणाला. "जीभ आहे की गेली ते कळत नाही."

मग काय, सगळं सभाघर हसलं! आई हसली, शेजारी हसले, वहिनी डोळे पुसत हसली. पेर्पेतुआ मात्र हसली नाही. खांबाला टेकून बसली होती ती. तिच्या डोक्यात अजून तो एकच शब्द घुमत होता, रेडिओवरचा.

पुढची करवंटी दादाने तिच्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "ही माझ्याकडून."

तिला कळलं ती माफीची आहे. तिने हात पुढे केले नाहीत. चारशे नसले तरी शंभर माणसं बघत होती. एवढी चार वर्षं तिने नवऱ्याला दोष दिला होता, नुसती एक करवंटी तर होती, घ्यायची होतीस. आता तिला पहिल्यांदा कळलं, की हात पुढे न होणं म्हणजे काय.

"दादा, तुला पटलं होतं," ती म्हणाली. "तरी तू नाही म्हणालास. लोकांना घाबरलास."

"घाबरलो," दादा म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. "मला वाटलं हा विकत घ्यायला आलाय. वळणावर येईपर्यंत वाटत होतं, की झाड गेलेलं असेल."

"हरल्यावरही बसून राहतो, तो काही विकत घ्यायला आलेला नसतो," आई मागून म्हणाली. "हे आता या शंभर जणांनी पाहिलंय. जाऊन सांगतील कोलोनियात. सांगा म्हणायचीही गरज पडणार नाही."

दादाने करवंटी तशीच पुढे धरली. "पेर्पे, सकाळी मामांना तू एक नियम सांगत होतीस. मी दारातच होतो."

तिने एकदम वर पाहिलं.

"ज्याने पाडलं," दादा म्हणाला, "त्यानेच उचलायचं. असंच ना?"

मामांचा हात रेडिओवर आपटला. तादासी उभा राहिला, मग बसला, मग परत उभा राहिला. सकाउ चढला होता की आणखी काय ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"उद्या सभा उठायच्या आत मांडायचं," पेर्पेतुआ म्हणाली. "लेखी द्यावं लागतं. सही तुझी लागते, नियम एक्केचाळीस, सकाळी दहाच्या आत चिटणिसांकडे... दादा, तू खरंच?"

"टाइप कोण करणार ते सांग. मला काही येत नाही ते."

तिने दोन्ही हातांनी करवंटी घेतली आणि तळाचा गाळही न सोडता प्यायली. मग परकराच्या काठाने तोंड पुसलं, आणि पिकअपमधली आपली पिशवी आणायला पळाली. कागद त्यात होते.